ढालधारी भेक आणि निश्चिताची विद्या

डच भाषा शिकताना सर्वांत आधी भुरळ घालतात ते जोडशब्द. हातमोजा म्हणजे ‘हांटस्खून’, हाताचा जोडा. कासव म्हणजे ‘स्खिल्टपाट’, ढालधारी भेक. शब्द फोडला की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. याहूनही विलक्षण आहे ती शास्त्रांची परिभाषा. युरोपातील बहुतेक भाषांनी गणिताचे ग्रीक नावच ठेवले. डचमध्ये मात्र ते ‘विस्कुंडे’, निश्चिताचे ज्ञान. त्याचे मूळ असलेला ‘विस्कोन्स्ट’ हा शब्द ब्रुज शहरात जन्मलेला गणितज्ञ सिमोन स्टेव्हिन (१५४८–१६२०) याने रूढ केला. विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून त्याने १५८६ मध्ये स्थितिशास्त्रावरचा ग्रंथ डचमध्ये लिहिला. केवढी उदार दृष्टी! रसायनशास्त्रही तिथे ‘स्खेइकुंडे’, म्हणजे वेगळे करण्याची विद्या.