भुईआवळीवर हक्क कोणाचा?

पावसाच्या सरी सुरू झाल्या की वसईच्या वाड्यांतून आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांतून भुईआवळी उगवते. काविळीवर ती वाटून देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती जाणणाऱ्यांना मात्र कोणी संशोधक म्हटले नाही.

मद्रासच्या संशोधकांनी 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिपॅटायटिस-बीचे विषाणू अंगी वागविणाऱ्या 37 जणांना भुईआवळी दिली, तेव्हा 22 जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसतेच नावाचे औषध दिलेल्या 23 जणांत हे एकाच्याच बाबतीत घडले. त्याच दशकात या उपयोगाचे अमेरिकी पेटंट फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्राच्या पदरी पडले. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो गुण आढळला नाही. ही दुसरी बाजू दडवून जे प्राचीन ज्ञानाचा डंका पिटतात, त्यांना दुकान मांडायचे असते.

परीक्षानळीत विषाणूला रोखणारी द्रव्ये अनेक वनस्पतींत सापडतात. परंतु ती रक्तात किती उतरतात, यकृताला अपाय करतात काय, दोन रानांतल्या पाल्यात त्यांचे प्रमाण सारखे असते काय, हे ठरविण्यास वर्षे आणि पैसा लागतो. परसात फुकट उगवणाऱ्या रोपट्यावर भांडवलदाराने तो का घालावा? म्हणूनच हे काम सार्वजनिक संस्थांचे आहे. प्लेगच्या काळात उभी राहिलेली मुंबईची हाफकिन आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत, त्या कशासाठी?

उलट घडले काय? जून 2020 मध्ये पतंजलीने गुळवेल, तुळस व अश्वगंधा यांचे ‘कोरोनिल’ बाजारात आणून सात दिवसांत कोरोना बरा होतो असे जाहीर केले. आयुष मंत्रालयाला ती जाहिरात थांबवावी लागली. तरीही फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच औषधाच्या व्यासपीठावर दोन केंद्रीय मंत्री विराजमान झाले! त्याच सुमारास शेजारच्या शहापुरातील कातकऱ्यांच्या संस्थेला बड्या कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची 1.57 कोटी रुपयांची मागणी आल्याचे सरकारने अभिमानाने सांगितले. भागाकार केला तर किलोला 45 रुपयेही पडत नाहीत. रानातली तोडणी, वाळवण, वाहतूक, सारे त्यातच.

निदान लाभात वाटा तरी? उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 साली देशी कंपन्यांनाही तो देणे बंधनकारक ठरविले होते. संसदेने 2023 साली जैवविविधता कायदा दुरुस्त करून ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून मोकळे केले. पाड्यावरच्या म्हातारीचे ज्ञान ग्रंथात शिरले, की कंपनीचे देणे सरले.

याच कायद्याच्या 41व्या कलमान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायची असते. वसई-विरार महापालिकेची आणि पूर्वपट्टीतील ग्रामपंचायतींची नोंदवही कार्यकर्त्यांनी मागून पाहावी, आणि तीत पाड्यांवरील जाणकारांची नावे त्यांच्या संमतीने आहेत की नाहीत, हे येत्या पावसाळ्याआधी तपासावे.