गाडीत गाणी कुणाच्या काळातली लावायची? शिरूर-दौंडच्या रस्त्यावरचं हे भांडण मिटत का नाही, ते समजून घ्या

लग्न शिरूरला आणि वऱ्हाड दौंडचं. चौफुल्यावरून आमची गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली आणि भांडण सुरू झालं.

ड्रायव्हरशेजारी बसलेल्या काकांनी फोन जोडला आणि 'पिंजरा'ची गाणी लावली. पारगावचा भीमेवरचा पूल यायच्या आत मागच्या सीटवरच्या चुलत भावानं ब्लूटूथ स्वतःकडं ओढलं आणि 'गुलाबी साडी' सुरू केलं. मधे बसलेले मामा म्हणाले, "दोघंबी गप बसा. कॅसेटच्या काळात आनंद शिंदेंची गाणी होती, तसली परत झालीच नाहीत." आजी खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं निकाल दिला, "आमच्या येळंला रेडिओवर गीतरामायण लागायचं, सारी आळी गप बसायची. आता नुसता धिंगाणा."

न्हावरं येईपर्यंत गाडीत चार पार्ट्या झाल्या होत्या. शेवटी ड्रायव्हरनं गाणीच बंद केली.

हे भांडण तुमच्याही घरात होत असणार. रील्सच्या खाली तर रोजच होतं. 'नव्वदची गाणी ती गाणी' असं एकानं लिहिलं की खाली दोनशे जण धावून येतात. तर कोणत्या काळातली गाणी भारी, याचं काही उत्तर आहे का? आहे, पण ते एका वाक्यात बसत नाही. टप्प्याटप्प्यानं बघू.

१. आधी आधार कार्ड काढा

आमच्या गाडीतल्या लोकांची वयं मांडून बघू. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गाणी आणि वर्षभराहून जास्त काळ दर आठवड्याला एक. आजी तेव्हा तेरा वर्षांची होती. 'पिंजरा' आला १९७२ साली, काका सतराचे होते. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकात घुमलं, तेव्हा मामा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. 'गुलाबी साडी' २०२४ चं. चुलत भाऊ तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

चौघांनीही 'सगळ्यात भारी काळ' म्हणून आपलं तारुण्य फुटायचं वयच निवडलं होतं.

हा योगायोग नाही. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना १९३२ ते १९८६ या काळातली २८ गाजलेली गाणी ऐकवली आणि आवडीप्रमाणं गुण द्यायला सांगितलं. आपण साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असताना जी गाणी गाजली, त्यांना लोकांनी सगळ्यात जास्त गुण दिले. नंतर इतरांनी केलेल्या अभ्यासांत हे वय आणखी खाली, थेट शाळेच्या दिवसांपर्यंत आलं.

कारण सोपं आहे. त्या वयात सगळं पहिल्यांदा होत असतं. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, गाव सोडून पहिल्यांदा बाहेर पडणं. त्या आठवणी पक्क्या बसतात आणि त्यांना चिकटलेलं गाणंही पक्कं बसतं. रांजणगाव एमआयडीसीत पहिल्यांदा नाइट शिफ्टला लागलेल्या पोरानं त्या वर्षी बसमध्ये जे गाणं ऐकलं, ते त्याला साठाव्या वर्षीही भारीच वाटणार.

२. जुनं सगळं सोनं नव्हतं, सोनं तेवढं उरलं

आता दुसरा मुद्दा. १९५९ सालचं गाणं सांगा म्हटलं की आपण 'सांगत्ये ऐका'मधल्या बुगडीच्या गाण्याचं नाव घेतो. वसंत पवारांचं संगीत, आशा भोसलेंचा आवाज. हा सिनेमा पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. पण त्याच वर्षी आलेली बाकीची गाणी? ती कुणाला आठवत नाहीत. सामान्य गाणी साठ वर्षांत गळून गेली आणि उत्तम तेवढी मागं राहिली.

आजच्या गाण्यांची चाळण अजून झालेलीच नाही. यूट्यूबवर आज पडलेलं चांगलं-वाईट सगळं आपल्यावर एकदम आदळतं. म्हणजे आपण तुलना करतो ती चाळलेल्या गव्हाची आणि खळ्यावरच्या राशीची. त्या राशीत खडे दिसणारच.

३. ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, तो तेव्हा 'बिघडलेला काळ' होता

खरी गंमत इथं आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा जाणकार. हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी आकाशवाणीवरचा सिनेगीतांचा वेळ कापला, निर्मात्यांशी वाद झाला आणि काही काळ ही गाणी आकाशवाणीवरून जवळपास गायबच झाली.

लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षअखेरीला सुरू झाली आणि घराघरात पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

आता ही 'बिघडलेली' गाणी कोणती, ते बघा. 'बैजू बावरा' १९५२ चा, 'अनारकली' १९५३ चा. 'अनारकली'चे संगीतकार सी. रामचंद्र जन्मले पुणतांब्याला. दौंडवरून मनमाडच्या गाडीत बसलं की वाटेत लागतं तेच पुणतांबा. आज कुठल्याही आजोबांना विचारा, ते याच गाण्यांना सुवर्णकाळ म्हणतील. मंत्र्यांना मात्र यात संगीताचा ऱ्हास दिसत होता.

तमाशाचंही हेच झालं. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढं ती उठली, पण त्यासोबत संहिता तपासून घ्यायच्या अटी आल्या. आज तीच लावणी आपण 'आपली अस्सल परंपरा' म्हणून सांगतो आणि तिचं नाव घेऊन गौतमी पाटीलच्या नाचावर टीका करतो. टीकेतले सगळेच मुद्दे चुकीचे आहेत असं नाही. ज्येष्ठ लावणी कलावंतांनीही आक्षेप घेतले होते आणि तिनं जाहीर माफीही मागितली. पण 'पूर्वी असं नव्हतं' हे वाक्य मात्र तपासून घ्यावं लागतं. दादा कोंडक्यांच्या गाण्यांवर त्या काळात काय काय बोललं गेलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून बघा.

याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर. त्यांनी आयुष्यभर लावण्या, वग, पोवाडे लिहिले. मोठमोठ्या तमाशा फडांनी त्यांचं लेखन गाजवलं. राज्य सरकारनं त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते गेले. त्यांचं एक लोकप्रिय गाणं होतं 'सारं हायब्रीड झालं'. म्हणजे जो काळ आज आपल्याला अस्सल वाटतो, त्याच काळात शिरूरमधला कवी 'सगळं हायब्रीड झालं' म्हणत होता आणि लोक टाळ्या देत होते.

४. काळ बदलतो म्हणजे यंत्र बदलतं

मग काळाकाळात फरक नसतोच का? असतो. पण तो प्रतिभेपेक्षा यंत्राचा आणि पैशाचा जास्त असतो.

रेडिओ आणि तबकड्यांच्या काळात कुणाचा आवाज बाहेर जाणार, हे मोजकी माणसं ठरवायची. स्टुडिओ मुंबई-पुण्यात, निवड त्यांच्याच हातात. कॅसेट आली आणि हे दार फुटलं. रेकॉर्डिंग स्वस्त झालं, टेपरेकॉर्डर ट्रकात आणि चहाच्या टपरीवर पोचला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज गावोगाव गेले. वामनदादा कर्डकांची पिढी ज्या भीमगीतांसाठी पायी हिंडली, ती गाणी घराघरात वाजू लागली. दर १ जानेवारीला पेरणे फाटा आणि कोरेगाव भीमाच्या रस्त्यावर ही गाणी ऐकू येतात. पण 'मराठी गाण्यांचा सुवर्णकाळ' अशी यादी कुणी केली, की त्यात भीमगीतं किती असतात, ते मोजा. यादी कुणी केली, यावर सुवर्णकाळ ठरतो.

पुढचा टप्पाही आपल्या भागातून जातो. अजय-अतुल यांचे वडील महसूल खात्यात होते. त्यामुळं दोघांचं बालपण शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर अशा गावांतून गेलं. गावच्या जत्रेतला ढोल-ताशा, भजन, गोंधळ कानावर पडत ही पोरं वाढली. पुढं 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या 'सैराट'साठी तर अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. जुनं की नवं, असं विचारलं तर या गाण्यांना कुठल्या खान्यात टाकणार?

आणि आता मोबाइल. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि गाणं देशभर जातं. बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाल्यावर शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यात बैलांवरच्या गाण्यांचा पूर आला. ही गाणी करायला कुणाच्या स्टुडिओचं दार वाजवावं लागत नाही.

५. मग काहीच बिघडलं नाही?

इतकंही सोपं नाही. २०१२ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या साडेचार लाखांहून जास्त गाण्यांचा संगणकावर अभ्यास केला. गाणी प्रामुख्यानं पाश्चात्त्य होती. निष्कर्ष असा, की स्वरांच्या जोडणीतली आणि वाद्यांच्या पोतातली विविधता कमी होत गेली आणि ध्वनिमुद्रणाचा आवाज वाढत गेला. म्हणजे 'आता सगळं एकसारखंच वाटतं' या काकांच्या तक्रारीत तथ्य असू शकतं.

आजीच्या 'धिंगाण्या'तही तथ्य आहे. फक्त तो गाण्याचा नाही, स्पीकरचा दोष आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही सवलत रात्री बारापर्यंत देऊ शकतं. वरातीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर हे आकडे कुठच्या कुठं राहतात. त्या आवाजात गीतरामायण लावलं तरी धिंगाणाच वाटेल.

आणि सगळ्यात मोठं नुकसान हातांचं झालंय. पूर्वी एक गाणं वाजायला ढोलकीवाला, पेटीवाला, हलगीवाला, झीलकरी लागायचे. तितक्या घरांत चूल पेटायची. चौफुल्याच्या कला केंद्रांमुळं दौंड तालुका संगीतबारीसाठी ओळखला जातो. अशा केंद्रांत ढोलकी-पेटीऐवजी डीजे नको, ही मागणी आज लोककलावंतच करतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची यात्रा कमिटी सुपारी द्यायला तिथं जाते. २०२० आणि २०२१ चे हंगाम करोनानं गिळले. त्यात एखाद्या कमिटीनं 'यंदा तमाशा नको, डीजे आणू' असं ठरवलं, की एका फडाची एक रात्र जाते.

लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकारानं गाण्याचे हक्क विकले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद आली. पण गावातल्या किती गीतकारांना हे माहीत आहे? बहुतेकांचा व्यवहार एकरकमी आणि तोंडी. गाणं लाखो लोक ऐकतात आणि लिहिणाऱ्याचं नाव खालच्या वर्णनातही नसतं.

थोडक्यात काय?

सगळ्यात भारी काळ कोणता, याचं प्रामाणिक उत्तर असं: तुम्ही विशीच्या आसपास होता तो. आणि यात लाजायचं कारण नाही. फक्त आपल्या आठवणीला संगीताचा कायदा समजू नका.

भांडायचंच असेल तर यावर भांडा, की आपल्या गावच्या यात्रेत यंदा वाजवणाऱ्या माणसांना किती पैसे मिळणार आहेत आणि स्पीकरच्या भिंतीला किती. आपण रीलवर लावलेलं गाणं लिहिलं कुणी.

आमच्या गाडीत पुढं काय झालं? परतीच्या वाटेवर रात्री गाडीत शांतता होती. न्हावऱ्याजवळ आजीच म्हणाली, "ते साडीचं लाव की रं, झोप येती ड्रायव्हरला." चुलत भावानं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याला काका मांडीवर ठेका धरून होते.