हरकती झाल्या, सूचनांचे काय?

परवा आमच्या सोसायटीची तातडीची सभा झाली. शेजारच्या मोकळ्या जागेवर अल्प उत्पन्न गटासाठी घरे व्हायची आहेत आणि त्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या आहेत. एरवी गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभेला त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पाणी आताच पुरत नाही, मुलांनी खेळायचे कुठे, शेजार कसा मिळेल? हरकतींची यादी वाढत गेली. तिच्याखाली मीही सही केली.

घरी आल्यावर मात्र ती सही बोचू लागली. माझे बालपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत गेले. सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी नसत्या, तर गिरणीत राबणाऱ्या माझ्या वडिलांना मुंबईत बिऱ्हाड थाटता आले असते का? आज आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई पहाटेची लोकल धरून येतात. म्हाडाच्या सोडतीत त्यांचा नंबर अजून लागलेला नाही.

सभेत वाद रंगला तो 'मैदान की घरे' असा. पण या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचा विकास करताना ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल वैध ठरवला. मैदान मागणारे आणि घर मागणारे, दोघांच्याही पानात कमीच पडले.

१९६६च्या नगररचना कायद्याने आपल्याला दोन हक्क दिले: हरकतीचा आणि सूचनेचा. आपण पहिलाच वापरतो. पाण्याची हरकत खरी आहे. मग आधी जलवाहिनी, नंतर घरांचा ताबा, अशी सूचना करू या. मैदान हवे, ते दोन्हीकडच्या मुलांना खुले असावे, असे लिहून मागू या. शेजाराची धास्ती वाटते? एकेकाळी आमच्या चाळीबद्दलही लोकांना ती वाटली असेलच.

पुढच्या सभेत मी सही मागे घेणार नाही. तिच्याखाली या सूचना लिहिणार आहे. आणि आमच्या पोळ्यावाल्या बाईंनाही बोलावणार आहे. घराची गरज काय असते, हे त्या सभेत ठाऊक असणारे कुणीतरी हवेच ना?