पारनेरची जीप आणि शिकागोचा धडा

मागच्या आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, पोलिसांनीच मारलं तर तक्रार कुठे करायची?" वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही. कलम २२ आम्ही नुकतंच फळ्यावर लिहिलं होतं: अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. पण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

उस्मानपुऱ्यात ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना ती जीप आठवत असेल. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, दोघांचा जीव गेला. त्या दोघांच्या घरच्यांनाही इन्साफ हवाच होता. २५ डिसेंबरला पोलिसांनी परभणीच्या ख्वाजा यूनुसला उचललं. वय २७, दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. पोटा लागला. आणि ७ जानेवारी २००३ ला पोलिसांनी सांगितलं, तपासासाठी त्याला औरंगाबादला नेत होतो, पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. म्हणजे जीप आपल्याच शहराकडे येत होती.

पळालेला माणूस आजतागायत कुणाला दिसला नाही. त्याच्यासोबत अटकेत असलेल्या एका डॉक्टरने पुढे कोर्टात सांगितलं की, कोठडीत यूनुसला पट्ट्याने मारताना त्यांनी पाहिलं, तो रक्ताची उलटी करत होता. हायकोर्टाच्या दट्ट्यानंतर सीआयडीने तपास केला आणि १४ पोलिसांवर ठपका ठेवला. खटला चालवायला सरकारने परवानगी दिली ती फक्त चौघांवर, सचिन वाझे त्यातले एक. आरोप खुनाचा आणि खोटा पुरावा रचल्याचा. मय्यत मिळालीच नाही, त्यामुळे आईला कबरही नाही. घाटकोपरच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. यूनुस जिवंत असता तर बहुधा तोही त्यांच्यासोबत घरी आला असता.

मारहाण का होते, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. साध्या कायद्यात पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. इंग्रजांनासुद्धा ठाऊक होतं की तो कसा काढला जातो. पोटाने ही भिंत पाडली, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब ग्राह्य धरला. पोटा २००४ मध्ये गेला, पण मकोकात ती तरतूद आजही आहे. ७/११ च्या रेल्वे स्फोटांचे १२ आरोपी जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने सोडले, तेव्हा कबुलीजबाब मारहाणीने घेतल्याचाच मुद्दा होता. मधली १९ वर्षं त्यांना कोण परत देणार?

आता शिकागो बघा. गिरण्या, कत्तलखाने, पोलाद यांचं शहर. तिथे जॉन बर्ज नावाचा पोलीस अधिकारी आणि त्याची टोळी १९७२ ते १९९१ पर्यंत काळ्या तरुणांना विजेचे झटके देत होती, टाइपरायटरचं कव्हर डोक्यावर घालून श्वास कोंडत होती. शंभराहून जास्त माणसं. त्या जबाबांवर काहींना फाशीची शिक्षा झाली. यूनुस गायब झाला त्याच आठवड्यात, १० जानेवारी २००३ ला, तिथल्या गव्हर्नरने अशा चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली.

शिकागोला डोक्यावर घेण्याची गरज नाही. छळाच्या गुन्ह्याची मुदत टळली होती, म्हणून बर्जला २०१० मध्ये दोषी धरलं ते शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. साडेचार वर्षांची शिक्षा, पेन्शन शाबूत. पण मे २०१५ मध्ये नगर परिषदेने ठराव केला: जाहीर माफी, ५५ लाख डॉलरची भरपाई, पीडितांच्या घरच्यांनाही मोफत शिक्षण, आणि सरकारी शाळांत आठवी व दहावीला हा इतिहास शिकवायचा. आठवीलाच! आमच्या त्या मुलाच्या वयाला.

आपल्याकडे काय झालं? हायकोर्टाने भरपाई दिली, तीही आईने दारं ठोठावल्यावर. २०१८ मध्ये साक्षीत आणखी चार पोलिसांची नावं आली, सरकारी वकिलांनी त्यांनाही आरोपी करा म्हटलं, तर वकीलच बदलले. जून २०२० मध्ये वाझे पुन्हा सेवेत आले. पुढे बडतर्फ झाले ते अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणामुळे, यूनुसमुळे नाही. वीस वर्षं उलटून गेली, निकाल नाही.

हा फक्त आपल्या कौमचा सवाल आहे असं कुणी समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत गेला. त्याची आईही हटली नाही, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्याच शहरातल्या खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. दोन्ही घरांत लढली ती आईच.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी आम्ही वहीत लिहून दिलं: अटकेचा पंचनामा मागायचा, त्यावर घरच्याची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची सही हवी. घरी कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितलेलं आहे. मॅजिस्ट्रेटने विचारलं की मार दाखवायचा, घाबरायचं नाही. मुलाने वही घरी दाखवली. संध्याकाळी त्याचे अब्बा आले आणि म्हणाले, सर, याची झेरॉक्स मिळेल का?