बिनतारी पाणंद



न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस चढला की उतरला, हे व्यापाऱ्याला सकाळीच कळते. शेतकऱ्याला कळते ते गाडी रिकामी झाल्यावर. हाती मोबाइल आले. पण आजही कितीतरी वाड्यावस्त्यांवर टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. कंपनी म्हणते, तुमच्याकडे गिऱ्हाईक थोडे, मनोरा परवडत नाही. सरकार म्हणते, योजना मंजूर आहे. या दोघांची वाट पाहत बसण्याखेरीज तिसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो शेतकऱ्यांच्याच मुलखात निघाला. स्पेनमधील कॅटलोनियात ओसोना हा शेती आणि पशुपालनाचा भाग आहे. विखुरलेल्या शेतघरांकडे तिथल्या टेलिफोन कंपन्यांनीही पाठ फिरवली होती. २००४ साली लोकांनी आपल्या छपरांवर अँटेना बसवून एकमेकांची घरे बिनतारी लहरींनी जोडायला सुरुवात केली. या जाळ्याचे नाव 'गिफी'. पुढे त्यात तीस हजारांहून अधिक ठाणी जोडली गेली. २०१५ साली युरोपीय आयोगाने त्याला पुरस्कार दिला.

गिफीचा नियम आपल्या पाणंदीसारखा आहे. जो जोडला गेला, त्याने शेजाऱ्याची वाहतूक आपल्या पेटीतून जाऊ द्यायची. पेटी ज्याची त्याची, वाट सर्वांची. हा धर्मादाय कारभार नव्हे. या वाटेवरून सेवा विकून चार पैसे मिळवायला कोणालाही मोकळीक आहे; मात्र धंदा करणाऱ्याने वापराच्या प्रमाणात खर्च उचलायचा. कोणी किती गुंतवले आणि किती वापरले, याचा हिशेब २००८ साली स्थापन झालेली त्यांची संस्था ठेवते.

अशा जाळ्यांना बळ मिळाले ते खुल्या सॉफ्टवेअरमुळे. मालदांडीचे बी घरात ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते. संकरित बियाण्यासाठी दरवर्षी दुकान गाठावे लागते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. बंद सॉफ्टवेअर कंपनी देईल तसे वापरायचे. खुले सॉफ्टवेअर उघडून पाहता येते, गरजेप्रमाणे बदलता येते, दुसऱ्याला देता येते. लिंक्सिस कंपनीच्या एका स्वस्त राउटरमध्ये लिनक्स हे खुले सॉफ्टवेअर होते. परवान्याच्या अटीमुळे २००३ साली कंपनीला त्याची संहिता खुली करावी लागली. त्यातूनच पुढच्या वर्षी 'ओपनडब्ल्यूआरटी' तयार झाले आणि घरगुती पेटी गावे जोडण्याच्या कामी येऊ लागली.

आपला कायदा आड येतो का? ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी जानेवारी २००५ पासून विनापरवाना वापरता येतात. २०१८ साली ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टाही उघड्यावरच्या वापरासाठी मोकळा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो. इंटरनेटची मूळ जोडणी मात्र परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवर गावे जोडण्याचा प्रयोग केला. त्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले.

पण भुलून जाऊ नका. या लहरींना समोरासमोरची दृष्टी लागते. मध्ये टेकडी किंवा दाट झाडी आली की जोड तुटतो. वीज गेली की पेटी झोपते, म्हणून बॅटरी लागते. उंच अँटेनाला विजेचा धोका, म्हणून अर्थिंग लागते. आणि सर्वांत आधी लागतो तो पेटी दुरुस्त करणारा गावातलाच माणूस. तो नसेल तर उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात सारे बंद पडते.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवून याव्यात. गावातले सर्वांत उंच छप्पर कोणते आणि तिथून कोणती गावे दिसतात? हे काम शिकायला कोणता मुलगा किंवा मुलगी तयार आहे? आणि महिन्याची वर्गणी देणारी घरे किती? अनुदानाचा अर्ज लिहिण्याआधी ही तीन उत्तरे लिहा. पाणंद शेजाऱ्यांच्या संमतीने पडते आणि वहिवाटीने टिकते. ही पाणंदही तशीच टिकेल.