कपडेपट कुणी सांभाळायचा?

स्नेहसंमेलनाचे नाटक संपून पडदा पडला की रंगपटात काय चालते, ते तुम्ही पाहिलेच असेल. राजाचा टोप एका खुंटीला, त्याची मिशी आरशाला चिकटवलेली, राणीचा शालू बाकावर बोळा होऊन पडलेला आणि सगळी मंडळी चहा-वड्याकडे धावलेली! दुसऱ्या दिवशी कुणीतरी, बहुधा एखाद्या बाई आणि दोन-चार मुली, ते सारे गोळा करून ट्रंकेत कोंबतात. माझे म्हणणे असे की, नाटकातला विज्ञानाचा तास खरे तर तेथे सुरू होतो आणि आपल्या शाळा नेमका तोच वाया घालवतात.

हे मी अनुभवाने बोलतो आहे. पूर्वी मी एका शाळेत शिकवत होतो, तेव्हा नाटक बसवण्याचे काम माझ्याकडे असे. एका विद्यार्थिनीच्या आजीने आपल्या लग्नातला शालू मोठ्या विश्वासाने दिला. काठापदराला खरी जर होती. प्रयोग झाला. दिव्यांच्या उष्णतेने शालू घामाने भिजला होता. मी त्याची नीट घडी घातली, दोन रबरी पट्ट्यांनी ती बांधली आणि कपाटात ठेवली. परीक्षा झाल्यावर परत करू, असा विचार. दीड महिन्याने घडी उलगडली तेव्हा कमरेजवळचे रेशीम पिवळे, कडक झाले होते, जर डागाळली होती आणि रबराच्या जागी दोन काळे पट्टे उमटले होते. घाबरून मी शालू धुण्याच्या सोड्यात भिजवला. उरलीसुरली झळाळीही गेली. मी विज्ञानाचाच शिक्षक होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

काय चुकले? घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात मीठ असते, थोडा युरिया असतो, लॅक्टिक आम्ल असते. पाणी उडून गेले तरी बाकीचे पदार्थ धाग्यातच राहतात. त्यांच्यावर जंतू पोसले जातात, त्यातून अमोनियासारखे पदार्थ तयार होतात आणि कपड्याला तो ओळखीचा आंबूस वास येतो. मिठातला क्लोराइडचा अंश जरीतल्या चांदी-तांब्यावर चढतो. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक घातलेले असते. गंधकाची वाफारलेली संयुगे चांदीला भेटली की सिल्व्हर सल्फाइड तयार होते, आणि ते काळे असते. राहिला सोडा. रेशीम हे प्रथिन आहे, आणि अल्कधर्मी द्राव प्रथिनाला कमकुवत करतो. सुती धोतराला जो सोडा मानवतो, तो शालूचा शत्रू ठरतो.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा करून पाहा, मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली. एका काचेच्या बशीत कपडे पांढरे करण्याचे ब्लीच थोडेसे घ्या. त्यात एक सुती दोरा आणि आपल्याच डोक्याचा एक केस टाका. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला आणि त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नका, कारण क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. काही तासांनी केस विरघळून गेलेला दिसेल. दोरा शाबूत असेल. दोरा सेल्युलोजचा, केस केराटिन या प्रथिनाचा. रेशीम, लोकर आणि खऱ्या केसांचा टोप ही सारी केसाच्याच गोतातली. हल्लीच्या काही धुण्याच्या पावडरींत प्रथिने पचवणारी विकरे घालतात. ती रक्ताचा किंवा दुधाचा डाग काढतात हे खरे, पण रेशीम हेही त्यांना डागासारखेच दिसते!

“एवढी कटकट कशाला, ड्राय क्लीनिंगला द्या,” असे काही शिक्षक म्हणतील. तेथेही पाणी नसले तरी द्रावक असतोच. तो तेलकट पदार्थ उत्तम विरघळवतो, म्हणजे रंगभूषेचे तेल आणि मेण निघते. पण मीठ त्यात विरघळत नाही, त्याला पाणीच लागते. त्यामुळे शालू स्वच्छ दिसतो आणि घामाचे मीठ आतच राहते. म्हणून खरा उपाय प्रयोगाच्या आधीचा आहे: रेशमी वस्त्राखाली जाड सुती कपडा असावा. घाम सुताने प्यावा आणि सुताला आपण खुशाल धुवावे. प्रयोग संपताच, वडे खाण्यापूर्वी, वस्त्र सावलीत वाऱ्यावर पसरावे. उन्हात नको, कारण अतिनील किरणांनी रेशीम पिवळे पडते आणि रंग विटतो. पुरते वाळल्यावर मलमलीत गुंडाळावे आणि अधूनमधून घडी बदलावी, म्हणजे एकाच रेघेवर जर तुटत नाही.

आता टोपाकडे वळू. मिशा चिकटवायचा डिंक म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. ती पाण्याने निघत नाही. घाईत ओढली की कातडी सोलते आणि मिशीची जाळीही फाटते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलके टिपावे, डोळे सांभाळावेत आणि जवळपास पेटती काडी नसावी. कृत्रिम धाग्याचा टोप कढत पाण्यात घातला, तर धागे मऊ पडून आक्रसतात. कोमट पाणी, चमचाभर शॅम्पू आणि वाळवायला पालथे मडके, एवढे त्याला पुरे.

पण टोपाची मोठी गोष्ट निराळीच आहे. डोक्यावरून उतरलेली ऊ साधारणपणे एक-दोन दिवसांत मरते. तेव्हा टोप तीन-चार दिवस वेगळा ठेवला तर तिचे भय उरत नाही. आपल्या नाटकात मात्र तो पाच मिनिटांत एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो. गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू तर महिनोन् महिने तग धरतात. प्रत्येक मुलाला टोपाखाली घालायला स्वतःची पातळ सुती टोपी द्यावी. ती जुन्या चादरीतून शिवता येते. “भाड्याचे कपडे आहेत, परत दिले की झाले,” हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. तोच टोप पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या डोक्यावर जाणार असतो.

आणि हे काम मुलींचेच का? मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) नेसलेल्या शालू-पैठण्यांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली. त्या काळी मंडळ्या ट्रंका घेऊन गावोगाव फिरत, आणि बहुतेक मंडळ्यांत पदराची निरी धरणाऱ्यापासून कपडेपट सांभाळणाऱ्यापर्यंत सारा पुरुषांचाच कारभार होता. तेव्हा कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

माझी सूचना अशी: कपडेपट आठवी-नववीच्या विज्ञानाच्या वर्गाकडे द्यावा, मुलगे आणि मुली दोघांकडे. एक वही ठेवावी. कोणते वस्त्र, धागा कशाचा, कुणी घातले, डाग कशाचा, कोणत्या द्रावकाने निघाला आणि कोणत्याने नाही, हे त्यात लिहावे. त्याचे प्रकल्पाचे गुण द्यावेत. उत्कृष्ट अभिनयाला चषक देतोच, तसा एक कपडेपटालाही द्यावा. खर्चाची अडचण सांगणाऱ्यांनी एका शालूची किंमत विचारून पाहावी.

माझ्या त्या शालूची भरपाई आजीबाईंनी घेतली नाही. शालू हातात घेऊन त्यांनी डागाळलेल्या काठावरून बोट फिरवले आणि एवढेच विचारले, “मास्तर, ओला ठेवला होतात का हो?” त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या.