एका बेटाचे व्रत

संस्कृती आणि पर्यावरण या विषयाच्या अभ्यासासाठी इंडोनेशियातील बाली बेटावर एक सत्र राहण्याचा योग आला. तेथील अनेक अनुभवांपैकी एक दिवस मात्र मनातून जात नाही. तो दिवस म्हणजे ‘न्येपी’, बालीतील हिंदूंचा नववर्षारंभ.

बालीतही शकाची कालगणना चालते. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होता आणि दुसऱ्याच दिवशी आपला गुढीपाडवा. दोन्हीकडे शके १९४७ सुरू झाले. पाडव्याच्या मुहूर्तावर आपण खरेदी करतो, नवी दुकाने उघडतो. बालीत मात्र नववर्षदिनी सारे बेटच बंद असते. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चार नियम पाळायचे : अग्नी वा दिवा पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही आणि करमणूक करायची नाही. विमानतळ चोवीस तास बंद राहतो. पर्यटकांनाही हॉटेलबाहेर जाता येत नाही. तातडीच्या रुग्णांना तेवढी मुभा असते. २०१८ पासून त्या दिवशी मोबाईलवरील इंटरनेटही बंद ठेवले जाते.

हे नियम ऐकताच मला आपली श्रावकव्रते आठवली. हिंडण्याफिरण्याला मर्यादा घालणारे देशावकाशिक, निष्प्रयोजन हिंसा टाळणारे अनर्थदंडविरमण आणि पौषधातील आरंभत्याग. आपल्याकडे हे व्रत एकेक श्रावक घेतो. तेथे सारे बेट मिळून घेते.

सगळेच पटले असे नाही. आदल्या दिवशीच्या विधीत पशुबळीही दिले जातात. त्या वेळी मी खोलीतच बसून राहिलो. यजमानीणबाईंनी आदल्या दिवशी रांधून ठेवलेले अन्न बासी म्हणून मला चालणार नव्हते. घरून आणलेल्या खाकऱ्यांवर दिवस काढला आणि सूर्यास्तापूर्वी पाणी घेतले. रात्री अंगणात आलो, तेव्हा कोठेही दिवा नव्हता. इतके तारे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून हे सारे सांगितले. ते म्हणाले, “संवत्सरीला आपणही दुकान बंद ठेवतोच की.” ते खरे होते. परंतु गेल्या संवत्सरीला प्रतिक्रमणाला निघेपर्यंत आम्ही दोघेही मोबाईलवर ऑर्डरी घेत होतो आणि आमचा टेम्पो माल पोहोचवीत होता, हेही खरे होते. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “यंदा टेम्पोही थांबवू. पण ग्राहक दुसऱ्या पेढीकडे वळला तर?”

या प्रश्नाचे उत्तर एकट्या दुकानदाराजवळ नाही. न्येपीला ग्राहक दुसरीकडे वळत नाही, कारण सर्वांचीच दारे बंद असतात. संवत्सरीच्या एका दिवसापुरती आपल्या बाजारपेठेतील सर्व पेढ्यांनी शटरबरोबर मोबाईलवरील ऑर्डरी आणि वाहनेही थांबविली, तर ही भीती कोणालाच बाळगावी लागणार नाही. वडील संघाच्या पुढील सभेत हा विषय मांडणार आहेत. आपणही आपापल्या गावी तो मांडावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.